मोर्चातला खेकडा

परळच्या एका गिरणीत सुभद्रा कापडाची डिझाइनं काढायची. आठ वर्षं कोयऱ्या काढून तिला इतका वीट आला होता, की लोणच्यातली कैरीची फोडही ती ताटाबाहेर सारायची. घरी आली, की गिरणीतल्या चिंध्या, तार आणि कापूस घेऊन ती भलतंच काही शिवत बसे. खांद्यावर बसणारं घुबड, फणसासारखी काटेरी पर्स. लालबागच्या चाळीतल्या बायका पदराआड हसत. सासू लक्ष्मीबाई मात्र तो फणस घेऊन खुशाल मासळीबाजारात जाई.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चासाठी समितीच्या बाबुरावांनी तिला कापडी महाराष्ट्रमाता करायला सांगितली. आठवड्याने सुभद्राने त्यांच्यापुढे ठेवला लालभडक खेकडा. पाठीवर बांधायचा, नांग्या खांद्यांवरून पुढे. उजव्या नांगीत कापडाचीच मुंबई.

"वहिनी, मराठी माणसाला आधीच खेकडा म्हणतात! पाय ओढणारा!" बाबुराव किंचाळले.

"पकडलेलं सोडत नाही, हे नाही वाटतं म्हणत?"

"आणि माता कुठाय?"

"माता मी. खेकडा पाठीवर."

बाबुरावांनी साफ नकार दिला. मोर्चाच्या दिवशी सुभद्रा तरीही खेकडा बांधून निघाली.

"ह्यां घेवन खंय चललंस गो?" सासूने विचारलं.

"मोर्चाला."

"थांब, मी पण येतंय."

नाक्यावर पोलिसांनी वाट अडवली. भिवा हवालदाराने लाठी हाणली, ती बसली खेकड्यावर. तारेची डावी नांगी उसळली आणि तिने हवालदाराची टोपीच उचलली.

"सोड! ए, सोड!" हवालदार ओरडला.

"सोडणार नाही!" मागून लक्ष्मीबाई गरजली. हजार गळ्यांनी ते उचललं. बाबुरावांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा.

शेवटी पोलिसांनी टोपी सोडवली आणि खेकडा जप्त केला. 'कापडी खेकडा, नग एक. एक पाय मोडका. जिवंत नाही,' अशी नोंद झाली. सुभद्राला रडू यायला हवं होतं, पण आतून गुदगुल्या होत होत्या. तिच्या कोयऱ्यांना कधी कुणी अटक केली नव्हती.

चार दिवसांनी ती चौकीवर गेली. भिवाने खेकडा आतून आणला. मोडका पाय खाकी दोऱ्याने शिवलेला होता.

"मीच शिवला," तो हळूच म्हणाला. "साहेबांना सांगू नका."

सुभद्राने पाय उलटून पाहिला. "हवालदार, हा टाका आहे की गोणपाटाची शिवण? बसा. उसवा आधी."

भिवाने इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि निमूट सुई हातात घेतली.