टाक्यातली फांदी

वेलेबित डोंगराच्या चुनखडीत पाऊस टिकत नाही. उन्हाळ्यात आमच्या बारा मेंढ्यांना खडकातल्या एका टाक्याचाच आधार. त्यात आजोबांच्या काळापासून एक फांदी उभी असे. एका कोरड्या वर्षी मला वाटलं, फांदीच पाणी पिते. मी ती काढून टाकली. तिसऱ्या दिवशी पाण्यात रानउंदीर मरून तरंगत होता. मेंढ्या हुंगून मागे फिरल्या.

"ती उंदरांची बाहेर यायची शिडी होती, शहाण्या," येलाताई म्हणाली.

"अगं, मग सांगायचंस ना."

"तू विचारतोस कधी?"

टाकं उपसावं लागलं. आता पावसापर्यंत रोज मेंढ्यांना समुद्राकाठच्या झऱ्यावर न्यायचं, दोन तासांची उतरण. निघण्याआधी मी कोरड्या टाक्यात फांदी पुन्हा उभी केली.