देवकाबाईची सून

रोवण्याचे दिवस आले की गावात राज्य देवकाबाईचं. तिची बायकांची टोळी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरल्याशिवाय धानाचं एक रोप लागत नाही, मग मालक कितीही मोठा असो. यंदा भर रोवण्यात तिनं सांगून टाकलं, "शुक्रवारच्या ग्रामसभेले जो येईल, त्याच्याच बांधीत आमी उतरू. बाकीच्याईनं आपापल्या हातानं लावा!"

भांडण गावच्या आरोग्य उपकेंद्राचं होतं. बपेऱ्याच्या रस्त्यावर चांगली पक्की इमारत, बाळंतपणाची खोली, खाट, सारं काही. पण मुक्कामी नर्स नाही, म्हणून दाराला कुलूप. कळा सुरू झाल्या की तुमसर गाठा, गाडी नसेल तर देवाचा धावा करा. देवकाबाईची सून शालू हिला नववा लागला होता, त्यामुळे बाईचा जीव टांगणीला. अर्जांना तालुक्याचं उत्तर ठरलेलं: चार बायका ओरडतात, गावाची मागणी कुठं आहे?

गाव कुठून येणार? केशवरावांसारखे मोठे शेतकरी म्हणायचे, "आमाले काय पडलं त्या उपकेंद्राचं? आमी आपली गाडी काढतो, भंडाऱ्याले जातो." बोलायचे ऐटीत, पण शुक्रवारी समाजमंदिरात पहिल्या रांगेत मुकाट येऊन बसले. चिखल करून बांध्या तयार पडल्या होत्या ना! बायकांना हसू आवरेना.

सभेला आलेले तालुक्याचे आरोग्य अधिकारी गर्दी पाहून गांगरले. मग आवाजात साखर आली. "देवकाबाई, तुमच्या सुनेसाठी मी दारात गाडी उभी ठेवतो. बाळंतपण होईपर्यंत हलणार नाही. नर्सचं मात्र पुढं बघू."

खोटं कशाला बोला, देवकाबाईला मोह पडलाच. सून पोटच्या पोरीसारखी होती.

तेवढ्यात कमरेला हात देत शालूच उठली. "माह्यासाठी गाडी लावता साहेब, मंग बाकीच्या बायकाईनं काय करावं जी? मले एकटीले नको. कुलूप काढा, सगळ्याईसाठी काढा. तोवर मी इथून हालत नाही."

"अवो माय, माही सून हाय हे!" देवकाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की साहेब दचकले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मान अशी ताठ, की बघत राहावं.

रोवण्यापायी म्हणा की मनापासून म्हणा, केशवरावही उभे राहिले. "सूनबाई बरोबर बोलून राहिली. अख्खं गाव मागून राहिलं साहेब, आता बोला." साहेबांनी निमूट कागद पुढं ओढला. मुक्कामी नर्स देण्याचा ठराव एकमतानं झाला.

आठवड्याभरात नर्स आली, राहायलाच आली. पण शालूच्या आधी तिथं दुसरीच बाळंत झाली. मध्य प्रदेशातून रोवण्याच्या मजुरीला नुकतीच आलेली परकी बाई, ना गावची मतदार, ना कोणाची नात्याची.

उपकेंद्राच्या दारात गावातला नत्थू कुरकुरला, "भांडलो आपण, अन् पहिला मान बाहेरचीले?"

देवकाबाई तडकली. "मंग कायले भांडलो रे बावा? सगळ्याईसाठी म्हणलं ना माह्या सुनेनं? ह्या बाईले वगळून म्हणलं होतं का?"

देवकाबाई आत गेली आणि ते परकं लेकरू सर्वांआधी तिनंच मांडीवर घेतलं.