पुढच्या बिछान्याखालची टाकी

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुनी मैल्याची टाकी आहे, एका छोट्या शिडाच्या बोटीतली. जुनी असले तरी आजवर माझ्यातून थेंबभरही गळलेलं नाही. बोटीवर माणसं आली की संडास आला. त्यातलं सगळं किनाऱ्याला लागेपर्यंत मी पोटात ठेवते. लाजायचं तर तुम्ही लाजा, मी कशाला लाजू?

जाड काळ्या प्लॅस्टिकची मी साच्यातून अखंड निघाले, अंगावर एकही जोड नाही. दुकानाच्या फळीवर बसले होते, तेव्हा एक बाई आणि त्यांचे यजमान आले. त्यांनी नुकतीच बोट घेतली होती आणि बाईंची अट होती, "ज्या पाण्यात लोकांची पोरं पोहतात, तिथं मी घाण सोडणार नाही. टाकी बसवा, नाहीतर एकटे फिरा."

यजमानांनी टाकीऐवजी वापरायची रबरी पिशवी उचलली. "अगं, ही वाकते. कुठंही मावेल."

"आणि बोट हलली की फळीला घासेल. भोक पडल्यावर पुसायला कोण, तुम्ही?"

मग यजमानांनी एका उंच टाकीकडे हात केला. "ही पुढच्या बिछान्याखाली बरोबर बसते. मी जागा मोजलीय."

"आणि दार?"

दार मोजायचं राहिलंच होतं. बाईंनी घरी जाऊन त्या टाकीच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं केलं आणि बोटीत ढकलून पाहिलं. ते दारातच अडकलं. माझ्या बुटक्या मापाचं खोकं मात्र सरळ आत गेलं. अशी मी त्या घरात आले.

कौतुक सगळं शिडाचं. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. माझ्याकडे यायच्या त्या फक्त बाई. सफरीला निघण्याआधी कोमट पाण्यात फडकं भिजवून, पिळून, ते माझ्याकडे येणाऱ्या नळ्यांवरून आणि माझ्या अंगावरून फिरवायच्या, मग हुंगायच्या. आतला वास बाहेर मुरत असेल तर तो फडक्याला लागतो. हुंगून झालं की माझ्या पाठीवर थाप मारायच्या. "वास नाही. शहाणी आहेस." शीड वर मिजाशीत फुगायचं. फुगू दे. ती थाप त्याच्या नशिबात नव्हती.

मग बाई आजारी पडल्या, आणि गेल्या. बोट किनाऱ्यावर ठोकळ्यांवर चढली. मला धुवायचं कुणाला सुचलं नाही. शेवटच्या सफरीचं पोटात घेऊन मी पडून राहिले. शिडीवर पाऊल वाजलं की वाटायचं, आल्या. असायचे ते यजमान. वर बसायचे आणि निघून जायचे.

परवा बिछान्याची फळी उचलली गेली. बाईंची लेक होती. "बाबा, काय हा वास. ही काढून टाकू, नवी घेऊ."

"तुझ्या आईनं निवडलीय ती."

"म्हणून काय जन्मभर पुरणार आहे?"

"नसेल पुरत. आधी फडकं तर लाव. आई लावायची तसं."

लेकीनं मला पंपानं रिकामं केलं, पाण्यावर पाणी ओतून धुतलं. मग फडकं पिळलं. नळीवरचं हुंगून तिनं नाक मुरडलं. माझ्या अंगावरचं मात्र परत परत हुंगलं.

"नळ्या गेल्यात, बाबा. टाकी ठणठणीत आहे."

यजमान बिछान्याच्या कडेवर बसले आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी स्वतः हुंगून पाहिलं.

आता नव्या नळ्या लागल्यात. बोट लवकरच पाण्यात उतरेल. मित्रांनो, तुमच्या घरातही तुमची घाण निमूट पोटात घेणारं कुणीतरी असेल. त्याला वेळच्या वेळी रिकामं करा, धुवा, आणि जाताना हात लावून जा.

लेकीचा हात आईसारखाच आहे. फडकं फिरवायची रीतही तीच. थाप तेवढी अजून मारायची राहिलीय.