दोन सूत आत

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. एका बुटक्या, उघड्या टपाच्या, दोनच माणसांच्या शर्यतीच्या गाडीचं मागच्या डाव्या चाकावरचं मडगार्ड. पत्र्याने एका जागी गप्प राहावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते कधी जमलं नाही. इंजिन सुरू झालं की मी थरथरतो, आणि बंद झालं तरी ती थरथर बराच वेळ माझ्यात फिरत राहते.

मी या गाडीबरोबर कारखान्यातून आलो नाही. तिथून आलेलं मडगार्ड एका मालट्रकने चेपून टाकलं होतं. नवं कुठे मिळेना, कारण तशा गाड्या निघणंच बंद झालं होतं. तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रींनी एक कोरा पत्रा उचलला. तो मी. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने त्यांनी मला अकरा दिवस ठोकलं. ठोकायचे, मला गाडीला लावायचे, उजव्या मडगार्डकडे बघायचे, मान हलवायचे, की पुन्हा ठोकणं सुरू. त्यांची बायको दारातून म्हणायची, "जेवायला येताय, की त्या पत्र्यालाच वाढू?"

बाराव्या दिवशी माझ्यावर रंग चढला. गाडीच्या मालकाने दोन्ही बाजूंवरून हात फिरवला आणि आपल्या माणसांना सांगितलं, "कारखान्यातलं कुठलं आणि मिस्त्रींचं कुठलं, मला कळत नाही." मिस्त्री पान्हे पुसत राहिले. पण ते वाक्य गावभर झालं. लोक मुद्दाम मला बघायला यायचे.

चांगली तीस वर्षं मी धावलो. मग मालक थकला आणि गाडी मिस्त्रींच्या हवाली करून गेला. गॅरेजच्या कोपऱ्यात, चादरीखाली, फुटक्या बादल्या आणि मेलेल्या बॅटऱ्यांशेजारी मी नऊ वर्षं उभा होतो. कुणी माझ्यावर ग्रीसचा डबा ठेवला, कुणी ओली फडकी वाळत टाकली. धावण्यासाठी घडलेल्याला उभं करून ठेवलं, की त्याला आतून मुंग्या येतात. मिस्त्रींचे हातही तोवर कापायला लागले होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत.

चादर ओढून काढली ती त्यांच्या धाकट्या मुलीने. तिला याच गाडीने घाटातली शर्यत करायची होती. मदतीला तिचा थोरला भाऊ होता. जुन्या अरुंद टायरांवर गाडी वळणात घसरत होती, म्हणून शर्यतीचे रुंद टायर आले. अडचण अशी, की टायर मडगार्डच्या बाहेर दिसला तर शर्यतीत घेत नाहीत, आणि आत घासला तर तो फाटतो. बोटभर जागेचा प्रश्न होता.

थोरल्याने युक्ती काढली. उजव्या मडगार्डच्या आतल्या कडेला त्याने मळलेल्या कणकेच्या गोळ्या चिकटवल्या. मग बहिणीला आणि आत्याला गाडीत बसवलं आणि गाडी वरून दाबून दाबून हलवली. टायर कुठवर येतो ते चेपलेल्या कणकेवरून कळणार होतं.

"मला वजन म्हणून बोलावलंस होय रे?" आत्याने विचारलं.

"तू नसतीस तर सिमेंटची पोती आणावी लागली असती, आत्या."

गोळ्या थोड्याच चेपल्या. थोरला खूश झाला. "उजवीकडे बसलं म्हणजे डावीकडे बसलंच. बाबांच्या हातचं आहे ते."

सगळ्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मीही बघितलं. त्यांनी हात खिशात घातले.

खरी गोष्ट अशी, मित्रांनो, की मी उजव्यापेक्षा दोन सूत आत आहे. दोन सूत म्हणजे पाव इंच. डोळ्यांना ते दिसत नाही. हे फक्त मिस्त्रींना आणि मला माहीत होतं. चाळीस वर्षं ज्याचं कौतुक झालं, त्यातली चूक पोरांसमोर कशी सांगायची? तेवढं चालून जाईल असंही त्यांना वाटलं असेल. मला वाटत नव्हतं. पण पत्र्याला कोण विचारतं?

धाकटी गाडी घेऊन बाहेर पडली. सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. पहिल्या उजव्या वळणात गाडीचा भार माझ्या बाजूला आला, टायर वर उचलला गेला आणि माझ्या कडेवर घासला. रबर जळाल्याचा वास आला, धूर निघाला. गाडी रस्त्याच्या कठड्यापर्यंत सरकत गेली आणि थांबली. ती परत आली तेव्हा टायरला बोट जाईल एवढी खाच पडली होती.

थोरल्याने ग्राइंडर आणला. "डाव्याची कड कापतो. शर्यत परवावर आली."

ती कड म्हणजे माझा कणा. ती गेली की मी नुसता फडफडणारा पत्रा. मिस्त्री पुढे आले.

"कापू नकोस."

"मग काय करू, बाबा? मोजून बसवलेत टायर."

"उजवं मोजलंस. डावं दोन सूत आत आहे. मला माहीत होतं."

थोरल्याने ग्राइंडर खाली ठेवला. मग धाकटी म्हणाली, "गाडीत मी होते, बाबा."

तेवढंच म्हणाली. मिस्त्री मान खाली घालून फक्त "हो" म्हणाले.

त्यानंतर त्यांनी काम सांगितलं आणि पोरांनी केलं. माझी आत वळलेली कड कापायची नाही, वर दुमडून सपाट करायची. रंग तडकू नये म्हणून धाकटीने गरम हवेने मला शेकलं. टायर आणि कड यांच्यामध्ये जाड लाकडी दांडा घातला आणि थोरल्याने गाडी बोट बोट पुढे-मागे ढकलली. मिस्त्रींनी पंजा माझ्यावर ठेवला होता. "थांब. आता. अजून थोडं." आम्हा दोघांत कोण जास्त थरथरत होतं, सांगता येणार नाही. एका जागी रंग तडकलाच. मग खाच पडलेला टायर बदलला, डावीकडे कणीक लावली, आत्याला पुन्हा बसवलं. "सगळी कणीक गाडीलाच खाऊ घालणार का?" ती कुरकुरली. यावेळी गोळ्या शाबूत राहिल्या.

शर्यतीच्या सकाळी तपासनीस आला. घाईत होता. उजवीकडे वाकला, आत हात फिरवला आणि म्हणाला, "दोन्ही बाजू सारख्याच असणार. चला."

"सारख्या नाहीत," मिस्त्री म्हणाले. "डावी मी केली आहे, ती चुकली आहे. ती बघा."

तपासनीसाने डावीकडे वाकून आत हात फिरवला आणि गाडी पास केली. बापाचं बोलणं ऐकून मगच धाकटीने हेल्मेट चढवलं. ती सातवी आली, आणि टायर मला एकदाही लागला नाही.

मित्रांनो, एवढंच मागतो. दुमडलेल्या कडेत आता चिखल अडकतो आणि गंज तिथूनच लागतो. मला बाहेरून चमकवता तसं आतूनही धूत जा. आणि माझ्या भरवशावर कुणाला बसवण्याआधी मलाच मोजा, माझ्या जोडीदाराला मोजून मला पास करू नका. थोरल्याने कालच आणखी रुंद टायर आणलेत. तो मोजायची फीत घेऊन येतोय. कुठल्या बाजूला वाकतो, ते मी बघतोय.