मिस लुव्हेनियांचे केस

डेल्फीन चित्रं काढायची ती साध्यासुध्या माणसांची. नटूनथटून आलात तर दारातून परत पाठवीन, असं तिनं मिसिसिपीतल्या आपल्या गावात आधीच बजावून ठेवलं होतं. जुन्या दाराच्या फळीवर ती रंगानं चेहरा काढायची आणि त्यात त्या माणसाचंच काहीतरी चिकटवायची. टायरवाल्या हर्शेलचं तेलकट फडकंसुद्धा असं चित्रात गेलं होतं. “तुम्ही जसे आहात तसेच सुंदर आहात,” हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक त्याची टिंगल करायचे, पण ते ऐकायला पुन्हा पुन्हा यायचेही.

गावात थोरल्या बायकांना, लग्न झालेलं असो वा नसो, मानानं ‘मिस’च म्हणायचे. मिस लुव्हेनियांचा सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढण्यात गेला. डेल्फीनसाठी त्यांनी डोक्यावरचा केसांचा टोप उतरवला. नवरा गेल्यापासून तो कुणासमोर उतरला नव्हता. खालचे केस पिकलेले, विरळ, मध्ये टाळू दिसणारे. त्या विंचरून बसल्या, फणीतलं गुंतवळ कागदात गुंडाळलं आणि जाताना ते खिडकीतच विसरल्या.

गळलेले केस जाळून टाकायचे, नाहीतर पाखरू घरट्यात नेतं आणि आपलं डोकं ठणकत राहतं, हे डेल्फीनला तिच्या आजीनं शिकवलं होतं. पण शिकागोत राहून आल्यापासून तिला ते खुळचट वाटायचं. तिनं ते केस चित्रातल्या कपाळावर चिकटवले आणि वरून व्हार्निश फिरवलं. इतकं चांगलं चित्र तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. तिचेच डोळे भरून आले.

प्रदर्शन रविवारी होतं, चर्चच्या हॉलमध्ये. गुरुवारी मिस लुव्हेनिया चित्र बघायला आल्या आणि त्यांनी कपाळाला बोट लावलं.

“हे खरे केस?”

“तुमचेच आहेत, मिस लुव्हेनिया. म्हणून तर जिवंत वाटतंय.”

“तरीच. त्या दिवसापासून डोक्यात घण पडतायत. पोरी, मी तुझ्यापुढे डोकं उघडं केलं, केस दिले नव्हते. काढ ते.”

“आता निघायचे नाहीत हो. चित्राचं वाटोळं होईल. आणि डोकं दुखणं वगैरे सगळं मनाचं असतं.”

“आजीसमोर बोलली असतीस असं?”

नसतीच बोलली. डेल्फीननं मुकाट्यानं खरवडायची पट्टी उचलली. केस निघाले, पण त्यांच्याबरोबर कपाळ आलं आणि डाव्या डोळ्याचा अर्धा भागही. मिस लुव्हेनियांनी केस कॉफीच्या डब्यात जाळले आणि वास पुरता जाईस्तोवर तिथंच उभ्या राहिल्या. डेल्फीनला मनातून त्यांचा भयंकर राग आला होता. शहाणपण शिकून आलेल्या माणसाला असा राग लवकर येतो.

“रविवारी येते,” एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी हॉल माणसांनी भरला. हर्शेल आपल्या चित्रापुढून हलायला तयार नव्हता. “बायकोला बोलवा रे, मी सुंदर आहे हे तिला पटत नाही,” असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. तेवढ्यात दार उघडलं आणि हॉलमधलं बोलणं थांबलं. मिस लुव्हेनिया आल्या होत्या. डोक्यावर चर्चला घालायची रविवारची हॅट नव्हती, टोपही नव्हता. खिडकीतल्या उन्हात टाळू चमकत होती आणि त्या मान ताठ ठेवून चालत होत्या. एकेक चित्र नीट बघत त्या शेवटच्या रिकाम्या खिळ्यापाशी थांबल्या.

“माझं कुठाय?”

“ते खराब झालं होतं ना,” डेल्फीन हळू आवाजात म्हणाली. “कपाळ गेलं, डोळा गेला. लोकांना दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.”

मिस लुव्हेनियांनी रिकाम्या खिळ्याला बोट लावलं.

“मला वाटलं, चित्र टांगलेलं असेल. म्हणून तर अशी आले,” त्या म्हणाल्या. “जशी आहे तशी सुंदर म्हणायचीस ना तू?”

डेल्फीननं हात पाठीमागे नेले. कालच तिनं त्या फळीला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले होते, दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा काढायला. नखांतला रंग अजून गेला नव्हता.