दुपारचा बर्फ

त्या पेल्यात कॉफी नव्हती. कागदी पेला, वर पांढरं झाकण, आणि लाल कोटातली ती पोरगी तो असा झुलवत चालली होती की आत घोटभर जरी काही असतं तरी बाहीवर सांडलं असतं. भरलेला कप माणसाचं मनगट कसं धरून ठेवतो, चाल कशी बदलून टाकतो, हे महेश्वरीला कुणी सांगायला नको होतं. उभा जन्म भरलेले कप नेण्यातच गेला होता. आणि ही बया रिकामा पेला ओठाला लावून डोळे मिटत होती... तोंडातून वाफ नाही. भोवती गुडघाभर बर्फ, आणि वाफ नाही! केसांवर पडलेला बर्फ विरघळत नव्हता, कापसाच्या पिंजणासारखा तसाच बसून होता. शी, म्हणाली महेश्वरी, मनातल्या मनात, आणि साडीची घडी मांडीवर ठेवून पुढे बघत राहिली.

बाहेर शुक्रवार पेठेतली गल्ली एप्रिलच्या उन्हात अशी गप्प झाली होती की कुत्रंही भुंकायचा विचार पुढं ढकलत असावं. आत कूलर घरघरत होता आणि पडद्यावर हिमवर्षाव. रोज दुपारी त्या चॅनेलवर असलाच एक सिनेमा लागायचा, हिंदीत बोलणाऱ्या गोऱ्या माणसांचा, ओठ थांबले तरी आवाज चालूच. मोठ्या शहरातली मुलगी आजीच्या गावी येते. आजीची बेकरी बुडत असते. गावात लाकडं फोडणारा एक देखणा पुरुष असतो, त्याची बायको मेलेली असते. ती कशानं मेली, किती दिवस अंथरुणाला होती, तिचं कोण करत होतं, हे कुणी विचारत नाही. तिचा एक हसरा फोटो फळीवर असतो आणि तो दुसरीला परवानगी देण्यापुरताच असतो. महेश्वरीला सगळ्यांत जास्त किळस त्या फोटोची यायची. मेलेल्या बाईलासुद्धा कामाला लावलेलं!

"अक्का," शेजारची काशम्मा म्हणाली. ती जेवणं उरकली की रोज इथंच येऊन भिंतीला टेकायची. "ह्यांच्यात सासू नसतीच का गं?"

"असती की. पण ती केक करती."

"म्हंजे नसतीच म्हण की!" काशम्मा खदखदली. मग तिची नजर कॉटवरच्या उघड्या बॅगेकडे गेली. "बाळंतपणालाच निघालीस न्हवं उद्या? मग ठेवणीतल्या इरकली तीन-तीन कशाला? त्या पोराच्या दुपट्याला फाडणार हायस काय?"

"असू दे. लागतात."

एवढं बोलून महेश्वरीनं पटकन खुर्चीतल्या नवऱ्याकडे पाहिलं. गुरुलिंग पडद्यावरून नजर काढत नव्हते. चादरीचं दुकान मिटवल्यापासून ते या खुर्चीत होते, खांद्यावर टॉवेल, पाय स्टुलावर. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. किंवा गेलं असेलही... त्यांचं कधी कळलं होतं?

तिकडं पुण्यात डॉक्टरनं प्रियदर्शनीला प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून लेकीनं माहेरी यायच्या ऐवजी आईच लेकीकडे निघाली होती. बाबांना सांग, तीन महिने, असं प्रियदर्शनी फोनवर म्हणाली होती. आणि मग आवाज खाली आणून, "मग बघू. आई, खोली रिकामीच आहे. तू परत जायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?" त्या 'मग बघू'वर महेश्वरीनं पंधरवडाभर मुक्काम केला होता. मी परत येणार नाही. हे वाक्य तिनं अजून तोंडानं उच्चारलं नव्हतं, पण बॅगेला ते ठाऊक होतं.

कारण काय, असं कुणी विचारलं असतं तर? मारझोड नाही. दारू नाही. गळ्यात लिंग बांधलेला सरळ माणूस. पिशवी काढून टाकायच्या ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली तेव्हा हे पलंगाशी उभे होते, आणि तिनं डोळे उघडलेले बघून म्हणाले होते, "कपाटाची किल्ली कुठंय?" बस. एवढंच. यावर कुठल्या पंचात फिर्याद मांडायची? पण तोच माणूस हल्ली दुपारी बेकरी वाचली की रडायचा. टॉवेलचं टोक डोळ्यांना लावायचा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं डोळ्यांत काही गेलं; मग रोजच जायला लागलं. बायको ऑपरेशनला गेली, लेक सासरी गेली, आई मेली तेव्हासुद्धा कोरडे राहिलेले डोळे एका लाल कोटासाठी पाझरतात, याची जी किळस तिला आली ती पालीच्या शेपटीसारखी होती, तोडली तरी वळवळणारी. त्या किळसेच्या जोरावरच तर बॅग भरली जात होती.

आणि तरी तीही बघतच होती ना, रोज? बघत होती. खोटं कशाला. बत्ताशासारखं होतं ते: तोंडात टाकलं की विरतं, पोटात काही जात नाही, जीभ मात्र चिकट होते आणि दुसरा मागते. त्या सिनेमांत कुणीतरी कुणालातरी विचारतं, तुला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत थांबतं! शिवाय ती थंडी. इथं उकाड्यात माणूस माणसापासून सरकून बसतो, अंगाला अंग लागलं की वैताग; तिथं थंडीच माणसांना एकमेकांकडे ढकलते, कुणाला काही करावंच लागत नाही...

"चल बाई," काशम्मा उठली. "गच्चीवर पापड घातल्यात. शेवटी लगीनच हुतंय, मला माहीत हाय."

आता दोघंच उरली. पडद्यावर गोठलेलं तळं, संध्याकाळ, दिव्यांच्या माळा. मघाशी दोघांचा काहीतरी गैरसमज झालेला. तो नेहमी याच वेळेला होतो, आणि एका वाक्यात मिटण्याइतकाच असतो. लाकूडतोड्यानं आपला कोट काढला, तिच्या खांद्यावर टाकला. ठंड लग रही है?

खुर्चीतून पुटपुटल्यासारखा आवाज आला. तिला उद्देशून नव्हे, पडद्यालाही नव्हे. हिंदीचं कानडी आपसूक होऊन ओठांतून सांडावं तसं.

"चळी आगतदेनु..."

आणि महेश्वरीच्या हातातली साडी घडीतून सुटली.

माडीवरची खोली. लग्नानंतरचा पहिला जानेवारी. ती सांगोल्याची, घरात मराठीच. हे घर मात्र उठता-बसता कानडी. सासू, चंद्रव्वा, हाक मारायची तीही तिला कळायची नाही. अंधारात हे शेजारी पडलेले, वर दुकानातली एकच चादर, आणि बऱ्याच वेळानं, घसा साफ करून, अगदी हळू... चळी. तेवढंच कानावर पडलं होतं. चळी! सांगोल्यात चळ लागतो तो वेड्याला. नव्या सुनेला पहिल्या महिन्यात येडी म्हणतात काय? आणि ती, आईची लेक, फटकन म्हणाली होती, "चळ तुमच्या घराण्याला!" ते भिंतीकडे वळले. दुसऱ्या दिवशी दुकानातून आणखी एक चादर आली. दोघांना दोन. तेव्हापासून दोनच.

पुढं ती कानडी शिकली, कुणी शिकवलं नाही, चुलीपाशी ऐकून-ऐकून. चळी म्हणजे थंडी हे तिला वर्षाच्या आत कळलं होतं. पोरीला स्वेटर चढवताना स्वतः हजारदा म्हणाली, चळी आगतद, चळी आगतद. पण हा शब्द दुसऱ्याच दारानं घरात आला होता. त्या माडीवरच्या शब्दाला तो कधी भेटलाच नव्हता. आज, त्रेचाळीस डिग्रीत, कूलरसमोर...

थांब. तिनं स्वतःला दटावलं. हे असंच तर ते सिनेमे करतात! एक शब्द चुकला, एक शब्द कळला, झालं, वाजवा घंटा. एका शब्दानं संसार मोडत नसतो आणि एका शब्दानं जुळतही नाही. हा माणूस गिऱ्हाइकाशी चांगलं मराठी बोलायचा. "तिकडं थंडी लई हाय का हो, पावणं?" परक्याला विचारायचा! मला मराठीत विचारायला काय झालं होतं? एकदा विचारलं, ते कळलं नाही, मग पुन्हा कधीच नाही? राग यायला हवा होता. तो आलाही, पण नेहमीच्या जागी नाही, जरा बाजूला, अनोळखी घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा उभा राहिला. त्या रागाच्या समोर एक तेवीस वर्षांचा पोरगा होता, घसा साफ करणारा. किती वेळ जुळवलं असेल त्यानं ते वाक्य?

सांगावं का त्यांना? काय सांगायचं? ...की मला ऐकू आलं ते वेगळं होतं? त्यांना आठवत तरी असेल? आणि आठवत असेल तर... ते जास्त भयंकर.

पडद्यावर घंटा वाजल्या, नावं सरकू लागली. गुरुलिंगनी टॉवेलनं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं.

"प्रियाकडं हे चॅनल लागतं का?"

"काय की. लागत असंल."

"तीनलाच?"

"तिथं काय वेगळं घड्याळ हाय का, अहो?"

"तसं न्हवं." ते रिमोटकडे बघत राहिले. "बघत जा."

एवढंच म्हणून ते पाणी प्यायला आत गेले. त्यांना काय म्हणायचं होतं? काहीच नसेल. किंवा बॅगेतल्या इरकलींचं सगळं ऐकू गेलं असेल... महेश्वरी सुटलेली साडी गोळा करून कॉटवर बसली आणि किळस शोधू लागली, चष्मा शोधावा तशी, असायची तिथं, नसायची तिथं. सिनेमाची सापडली, भरपूर होती. त्या कोटाची होती, त्या फोटोची होती. यांची मात्र हाताला लागेना. आतून माठावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

आतापर्यंत वाटत होतं, ती किळसच आपल्याला धरून स्टेशनपर्यंत नेईल, डब्यात बसवेल, मागं वळू देणार नाही. आता जायचं तर कुणाचा तिटकारा न करता जायचं, आपल्याला जायचंय म्हणून जायचं, आणि राहायचं तरी तसंच... आणि असं नुसतं हवंसं वाटायला काय लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनंही आजवर चुलीपाशी बसून ते कुणाकडून ऐकलं नव्हतं.