कुंपणाचा खांब

आत्माराम घरतचं पत्र आलं तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. डिसेंबर उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

आत्माराम राहतो भाईंदरच्या नवघरला, मी जवळच बेव्हर्ली पार्कला. रिक्षाने जाता येतं. पण त्याने जन्मभर टपाल वाटलं आणि आता त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की तो अंतर्देशीय पत्रच लिहितो. मी दादरच्या एका ग्रंथालयात नोकरी केली, शिकवलं कधीच नाही, तरी तो मला मास्तर म्हणतो.

‘मास्तर,’ त्याने लिहिलं होतं, ‘बिल्डरला आमची खाडीकडची खाचरं हवी हायेत. भावांच्या सह्या झाल्या, माझी राहिलीय. तिथं गोल्फचं मैदान होणार, कडेने टॉवर. बांधावरचा देव हलवणार न्हाय, असं लिहून देतात. मिठागर होतं तेव्हा मोसमाचं पहिलं मीठ आम्ही त्याच्यापुढे ठेवायचो. आता विकतचं ठेवतो, पण ठेवतो. माझं विचारणं एवढंच, देव आत राहिला तर आम्हाला आत सोडतील काय? तुम्ही पुस्तकं वाचलीत. तुम्ही सांगाल तसं करीन.’

पुस्तकं वाचली, हे खरं. पण गोल्फच्या मैदानात देवाला भेटू देतात की नाही, हे कोणत्या पुस्तकात बघायचं? आणि मी चुकीचं सांगितलं तर हा भला माणूस माझ्या शब्दावर सही करून मोकळा होणार. एकदा कागद पुढे घेतला, ‘प्रिय आत्माराम’ लिहिलं, आणि ‘प्रिय’ जरा जास्त होतंय का, या विचारात ती सकाळ गेली.

दुसरी अडचण घरातच होती. माझ्या मुलाने, कौस्तुभने, त्याच टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला होता. माहितीपुस्तिकेत एक बाई बाल्कनीत उभी राहून कॉफी पीत होती आणि खाली हिरवंगार काहीतरी पसरलं होतं. भाईंदरच्या खाडीवर त्या रंगाचं हिरवं मी एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नाही.

“बाबा, एका सहीसाठी अख्खा प्रोजेक्ट अडकलाय,” तो म्हणाला. “काका फक्त तुमचं ऐकतात. लिहून टाका ना, देव सेफ आहे म्हणून.”

“मला त्यातलं काही कळत नाही रे.”

“मग चला, दाखवतो तुम्हाला.”

अशा रीतीने नाताळच्या सुट्टीत मी, कौस्तुभ आणि सूनबाई क्षितिजा दक्षिणेतल्या एका थंड हवेच्या गावी गेलो. तिथलं गोल्फचं मैदान शंभराहून अधिक वर्षांचं, साहेबाच्या वेळचं. मोठाली झाडं, मधून कातरलेली हिरवळ, राजाची बाग वाटावी असं. पुस्तिकेत त्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आमची प्रेरणा’.

दारातच मला अडवलं. माझ्या सदऱ्याला कॉलर नव्हती.

“सर, कॉलर मस्ट है,” दरवान म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कॉलरची कड विरली होती, पण ती कॉलर होती.

“अहो, मी खेळणार नाही, नुसता बघणार आहे,” मी म्हणालो, आणि नेहमीप्रमाणे ते मलाच ऐकू आलं. मग आतून क्लबचा एक कॉलरवाला टी-शर्ट आणून मला घालायला लावला. छातीवर मुकुट आणि दोन काठ्या. सत्तरी उलटल्यावर साहेबाचा शिक्का छातीवर मिरवायचा राहिला होता, तोही मिरवला. क्षितिजा म्हणाली, “बाबा, फोटो काढू का?” मी इतक्या केविलवाण्या चेहऱ्याने पाहिलं की तिने फोन पर्समध्ये टाकला.

मैदान दाखवायला बिल्डरच्या ओळखीचे, क्लबचे एक जुने सभासद आले होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत होते. लालबुंद, गुबगुबीत गृहस्थ. चालायचं नाही म्हणून विजेच्या गाडीतून फिरत आणि ‘व्यायामासाठी खेळतो’ म्हणत. त्यांच्या काठ्यांची पिशवी दुसराच एक माणूस गाडीमागून पळत आणत होता. त्यांनी चेंडूला पाच वेळा नेम धरला, सहाव्यांदा मारला, तो झाडावर आपटून मागे आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कौस्तुभने सगळ्यात जास्त. माझा मुलगा हुशार आहे, पण लालबुंद माणूस दिसला की त्याचे हात आपोआप वाजू लागतात.

“बाबा, शांतता बघा ना किती!” तो म्हणाला.

शांतता होती. एवढी जमीन अडवून माणसं बाहेर काढली की शांतता होणारच. पण लगेच मला वाटलं, आपल्याला खेळ कळत नाही म्हणून आपण नावं ठेवतोय की काय.

मैदानाच्या मध्यावर पिंपळाखाली एक बुटकं दगडी देऊळ होतं. आत शेंदूर नाही, फूल नाही. पायरी तेवढी धुतलेली, स्वच्छ. कौस्तुभने माझा दंड धरला. “बघा! देव ठेवलाय की नाही? बरोब्बर हेच काकांना सांगा.”

“ये तो हमारा सेलिब्रिटी है,” सर म्हणाले आणि त्यांनी आम्हाला नियम सांगितला. चेंडू देवळाला लागून थांबला तर तो उचलून बाजूला ठेवायचा, त्याचा दंड नाही. खेळाच्या नियमांत देऊळ म्हणजे न हलवता येणारा अडथळा. पाण्याच्या नळाचं झाकण आणि देऊळ, दोन्ही एकाच कलमात.

“गाँव के लोग पूजा के लिए आते हैं?” मी विचारलं. एवढं स्पष्ट हिंदी मी आयुष्यात बोललो नसेन.

“आते थे. फूल, नारियल, सब ग्रीन पे फेंकते थे. बॉल ढूँढना मुश्किल. अब एक दिन रखा है साल में, मेंटेनन्स के दिन. सुबह सात से पहले. पुजारी अकेला.” मग हसून ते म्हणाले, “भगवान को भी डिस्टर्ब नहीं होता.”

कौस्तुभही हसला. मी कोणाच्या नावाने मनात काय म्हणालो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

कुंपणाकडे पहिल्यांदा क्षितिजाचं लक्ष गेलं. “बाबा, तो खांब बघा.”

देवळाच्या समोरासमोर, दूरवर, तारेच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब होते. सगळे करडे, एकच लाल. तिथवर चालत गेलो. रस्त्यावरून हात घालून त्या खांबाला चौफेर, कमरेच्या उंचीपर्यंत हळद आणि कुंकू थापलेलं होतं, थरावर थर. खाली नारळाच्या करवंट्या, विझलेला कापूर. एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिने तारेतून देवळाकडे एकदा पाहिलं, खांबाला बोट लावलं आणि ते मुलीच्या कपाळाला टेकवलं. कुंपणाच्या आत, क्लबचा टी-शर्ट घालून, मी उभा होतो. ती मला बघून जरा मागे सरकली. मी सभासद आहे असं तिला वाटलं असणार.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी आत्मारामला पत्र लिहिलं. दुकानातून अंतर्देशीय क्षितिजाने आणलं. ‘प्रिय’ राहू दिलं.

‘प्रिय आत्माराम, उशीर झाला. मी तसं एक मैदान बघून आलो. देव आत राहतो, हे खरं. तुम्हाला आत सोडत नाहीत, हेही खरं. इथल्या लोकांनी कुंपणाच्या खांबाला कुंकू लावायला सुरुवात केली आहे. तुमचं मीठ तुम्हाला खांबापाशी ठेवावं लागेल. सही करू नका, असं माझं मत. माझं चुकत असेल, पण मत हेच आहे.’

कौस्तुभच्या नकळत पाठवणं बरं वाटेना, म्हणून त्याला वाचायला दिलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

“बाबा, हे काय लिहिलंय? आपलं बुकिंग आहे तिथे.”

“त्यांनी विचारलं ते लिहिलं.”

“देऊळ दिसलं ना तुम्हाला? मग देऊळ आहे एवढंच लिहा की! खांबाचं कशाला?”

“त्यांनी देवाचं विचारलंच नाही रे. आम्हाला आत सोडतील का, असं विचारलंय.”

“तुम्हाला ना, कायम सगळ्यात खोट दिसते.” तो खरोखर दुखावला होता. “उद्या हे पोस्ट करू नका. घरी जाऊन बोलू.”

एरवी मी एवढ्यावर पत्र खिशात घातलं असतं. घरी जाऊन बोलू, म्हणजे बोलायचं नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. मी कौस्तुभकडे पाहिलं. त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर, तो मुकुटवाला टी-शर्ट वाळत होता. क्लबने भेट दिला होता आणि कौस्तुभने तो मिळाल्याबद्दल दोनदा आभार मानले होते.

मी जिभेने डिंक ओला करून पत्र चिकटवलं.

“पेटी कोपऱ्यावर आहे, बाबा,” क्षितिजा म्हणाली. “मी मघाशी बघितली.”

“क्षितिजा!” कौस्तुभ म्हणाला.

“स्वेटर घाला,” ती मला म्हणाली.

मी माझ्या बिनकॉलरच्या सदऱ्यावर स्वेटर चढवला, खाली उतरलो, आणि पत्र पेटीत टाकलं.